उभ्या सायकलचा खटका

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही एवढी एक गोष्ट गाळूनच जोडले. तुम्हाला का सांगते? — तुम्ही काही माझ्या घरी जेवायला येणार नाही, म्हणून असेल.

आधी हसण्यासारखं सांगते. पुढचं सांगायला तेवढाच धीर येईल.

आम्ही अर्जुनी मोरगावचे. माझी एकुलती एक लेक शीतल तेव्हा चौथीत होती. तिच्या बाबांनी गोंदियाहून तिच्यासाठी गिअरची सायकल आणली — पॅसेंजरच्या डब्यात, दाराशी उभं राहून, कोणाचा धक्का लागू न देता. निळी. आणि हलकी किती! पोरगी ती एका हाताने उचलून पायऱ्या चढायची. आमच्या गल्लीत तोवर पोरं बापाच्या काळ्या सायकलवर कैची मारत शिकायची. गिअर कोणी पाहिला होता?

दुकानदाराने शीतलला एकच गोष्ट बजावली होती आणि ती तिने घरात सगळ्यांना पढवली. "आई, गिअर बदलताना पाय फिरून राहिले पाहिजे. उभ्या सायकलचा खटका ओढाचा नाही."

मी मान डोलावली. पण ऐकलं का? अहो, मी गल्लीतली शिलाईवाली. डोळे मिटून बॉबिन भरणारी. मला ही टीचभर पोरगी मशीन शिकवणार?

आता त्या वेळच्या बाईला जरा पाहाच. सायकल कधी शिकलेली नाही. माहेरी भाऊ शिकले, ही मागे कॅरिअरवर बसली. दुपारी लेक पायीच जवळच्या शाळेत, नवरा कचेरीत — की ही नवऱ्याचा पायजमा चढवते, वर त्याचाच शर्ट, आणि घरामागच्या बोडीच्या पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, सायकल नेते. अंगाने काडी होती म्हणून त्या सायकलवर मावली तरी! गुडघे हँडलला आपटताहेत, पाण्यातल्या म्हशी माना वर करून पाहताहेत, आणि ही स्वतःलाच दम देते — पड, पड अजून! हसा. मीही कित्येकदा एकटीच हसले आहे.

पण एका दुपारी जमलं. पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, न पडता. अंगावर वारा आला — काय सांगू? परत येताना पाळीच्या चढापाशी थांबले. म्हटलं, आता गिअर टाकून चढू. आणि उभ्या सायकलचा खटका ओढला. एकदा नाही, पार शेवटपर्यंत. मग सगळा भार पायडलवर दिला.

कडकड आवाज झाला. मागची गिअरची दांडी वाकून चाकाच्या तारांत घुसली आणि मोडली.

सायकल उचलून घरी आणली. हलकी होती, कोणाला हाक मारावी लागली नाही. जड असती तर — कदाचित खोटं बोलायची सोयच राहिली नसती. ओसरीत जिथे होती तिथेच टेकवून ठेवली, पायजमा धुऊन वाळत घातला.

संध्याकाळी हे आले. "काऊन मोडली वं? आत्ताच तं आणली!"

"म्या नाही मोडली, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोवर मी फक्त गप्प होते. गप्पच राहिले असते तरी — पण नाही. मी बोलले. "सकाळी आंगणात उभ्या सायकलचा खटका ओढून राहिली होती. म्या पाह्यलं."

तिचाच धडा. तिच्याच शब्दांत.

शीतल माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. राग असता तर मी आज हे लिहीत नसते. ती आठवत होती हो! आईने पाहिलं म्हणते, म्हणजे झालंच असणार — म्हणून आपल्याच डोक्यात ती सकाळ शोधत होती. मग हळूच म्हणाली, "ओढला असन, आई. ध्यान नसन राह्यलं."

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? काय झालं असतं? पायजम्यावरून दोन दिवस हसले असते घरात. एवढंच.

सायकल दुरुस्त झाली आणि देवरीला दिराच्या मुलाकडे गेली. "पोराच्या हाती टिकंल," हे म्हणाले. शीतल दहावीपर्यंत जड काळी सायकल रेटत शाळेत गेली. माझ्या मशीनवर बॉबिन भरायला पूर्वी भांडायची, तेही सुटलं. म्हणायची, "नको आई, माझ्या हातून मोडंल."

आता ती गोंदियात असते. गेल्या दिवाळीत जावयांनी नातीला, स्वराला, गिअरची छोटी सायकल घेतली. पाहते तर खटक्यावर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली.

"ही पट्टी काऊन वं?"

"तुले तं ठाऊकच आहे, आई. मी केवढी चांगली सायकल मोडली होती! ही माझ्यावर गेली तं?"

जावई म्हणाले, "आम्ही तर हिच्या हाती टीव्हीचा रिमोटसुद्धा देत नाही."

सगळे हसले. शीतलही हसली. मीही.

त्या पायजमेवालीला मी इतका वेळ हसत आले, जशी काही ती दुसरीच कोणी होती. दिवाळीत हसली ती मात्र मीच.

बाहेर रस्त्याच्या चढावर स्वरा उभी राहून पायडल मारत होती, चेहरा लाल, पट्टीखाली खटका तसाच. शीतल मागून तिची सीट धरून ढकलत होती. मी फाटकापाशी उभी राहून ओरडले, "शाब्बास!"