उन्हात उजळणारा फलक

समजा, एप्रिलच्या भर दुपारी रस्त्यापलीकडच्या माणसाला वाचता येईल असं एक अक्षर तुम्हाला उमटवायचं आहे. दिवा लावाल? लावून बघा. सूर्यापुढं तो विझल्यासारखाच दिसेल.

आष्ट्याच्या पल्लवीनं दिव्याचा नादच सोडला. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ती इलेक्ट्रॉनिक्सचं काम करते. तिथं तिनं भिंतीएवढा फलक तयार केला. त्याच्या प्रत्येक ठिपक्यात काळे-पांढरे बारीक कण भरलेले आहेत. विजेचा हलका झटका दिला की हवे ते कण वर येतात आणि वीज गेली तरी तिथंच थांबतात. वाचायला उजेड मात्र बाहेरचा लागतो, वर्तमानपत्राला लागतो तसा. ऊन जेवढं कडक, तेवढं अक्षर ठळक.

मालकांनी तिला एकच संधी दिली होती. आष्ट्याच्या स्टँडवर गाड्यांच्या वेळा दाखवण्यात फलक पास झाला तर पुढं जायचं, नाहीतर तो परत साताऱ्याला आणि हे काम कायमचं बंद.

तपासणीच्या दिवशी दुपारी ती पोचली, तर फलक झाकलेला. मंडपवाल्या केरबाकाकांनी फलकावर जाड कापडाचा मांडव घातला होता, पुढून झालर सोडून. गावच्या पोरीचं पहिलं काम, नारळ फुटणार, मग मांडव नको? आत फलक राखेसारखा मळकट दिसत होता. धोतर वाळत घातल्यागत दिसतंय, असं गर्दीतलं कुणीतरी म्हणालंही. तपासायला आलेल्या वीरधवल साहेबांनी फलकाभोवती फेरी मारली, मागं बटण शोधलं आणि विचारलं, "यात लाईट कुठं आहे?"

"वर आहे, साहेब," पल्लवी म्हणाली. "केरबाकाकांनी झाकलाय."

हशा पिकला. काका जरा रुसले. "आवं ताई, एवढी भारी वस्तू उन्हात करपंल की." पण गाठी त्यांनीच सोडल्या. कापड सरकलं, ऊन फलकावर उतरलं आणि पांढऱ्यावर काळी अक्षरं चटकन उठून आली. साहेब वाचत वाचत मागं सरकले, ते थेट रस्ता ओलांडून रसवंतीपर्यंत.

तिथं बाकावर रंगुबाई बसली होती, लेकीकडं सांगलीला निघालेली. तिनं कपाळावर हात धरून पलीकडं पाहिलं. "सांगली, साडेबारा. अगं बया, माझी गाडी लागली की." रसाचा ग्लास तसाच ठेवून ती पळाली आणि गाडी तिला मिळाली.

साहेबांनी पुढं काही तपासलंच नाही, फलक पास केला. नारळ उन्हातच फुटला. आपण मांडव काढला तवा कुठं फलक सुरू झाला, असं केरबाकाका आता सगळ्यांना सांगतात.

त्या संध्याकाळी साताऱ्याला परतताना पल्लवीला गावाबाहेर वाळत टाकलेली हळद दिसली. तिच्या फलकाला अजून काळा आणि पांढरा एवढंच येतं. रंग हवा तर वर रंगीत गाळणी बसवावी लागते, आणि गाळणी निम्मा उजेड खाऊन टाकते. मग सगळं ऊन राखून हा पिवळा फलकावर उमटवायचा तरी कसा?