सायलेन्सर कोरडा होता

आमच्या घरातला तांब्याचा बंब आईनं स्वतःच्या हातानं कबाड्याच्या हातगाडीवर चढवला. तिच्या लग्नातला होता. चिंचेनं घासून ती तो असा लख्ख ठेवायची की शेजारची भाभी म्हणायची, "इसमें देखके तो कंघी कर लो." त्या बंबाच्या बदल्यात कबाड्यानं आम्हांला भंगारात निघालेल्या एका बसचा सायलेन्सर दिला, मनगटाएवढा जाड लोखंडी पाइप दिला आणि त्याच बसच्या एअर फिल्टरचा पत्र्याचा डबा दिला. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. तिनं दादाला एवढंच विचारलं, "याच्यानं तू इथं राहशील ना?"

"गाडी घाट चढली तर राहीन," दादा म्हणाला.

"मग ने."

गाडी म्हणजे बाबांची जुनी डिझेल पिकअप. ती इथल्या मिलमधले पोहे घेऊन बऱ्हाणपूरला उतरायची आणि येताना केळी घेऊन भेरूघाट चढून उज्जैनला यायची. उतरताना कुणाचीही गाडी शहाणी असते. चढताना आमचीला दम लागायचा. दुसऱ्या गिअरमध्ये काळा धूर ओकत ती घाट चढायची, मंडईत पोहोचायला उशीर व्हायचा आणि तोवर केळीच्या शेठचा चेहरा केळ्यांपेक्षा काळा पडलेला असायचा. त्याच दिवसांत शहरात नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या. पूर्वी गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, आता फायनान्सवाले स्वतः घरी येऊन बसायचे. मंडईत आमच्या पिकअपच्या शेजारी चकाचक पिकअपी उभ्या राहायच्या. शेठनं सरळ सांगून टाकलं होतं, "देखो पंडितजी, नवरात्र तक देखूँगा. माल सुबह पहुँचना चाहिए." आम्ही पंडित नव्हतो, पण उज्जैनमध्ये मराठी माणसाला पंडितजी म्हणायची पद्धत आहे.

दादाच्या मित्रानं पीथमपूरच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी बोलणं करून ठेवलं होतं. तो नुसतं हो म्हणायचा बाकी होता.

इथले मराठी लोक म्हटलं की बँक, रेल्वे, नाहीतर मास्तरकी. मराठी समाजाच्या हळदीकुंकवाला कुणी ना कुणी काकू मला विचारायच्याच, "वडील कुठल्या ब्रँचला?" मी सांगायची, "गाडी चालवतात." आणि सांगताना मान खाली घालायची नाही. आमचे पूर्वज सरकारच्या पागेत घोडे सांभाळायला इकडे आले. घोडे गेले, टांगे आले. टांगे गेले, गाडी आली. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. दादा मॅट्रिक होऊन स्टिअरिंगवर बसला म्हणून मी बी.एस्सी. झाले. हे तो कधी बोलून दाखवायचा नाही. मला हाक मारायचा ती मात्र, "ए ग्रॅज्युएट!"

"ए ग्रॅज्युएट, चौदाचा पाना दे."

"इथं सतराचाच आहे, दादा."

"वाचता येतं म्हणजे! फी वाया नाही गेली."

नानाखेड्याच्या मागे तेव्हा मोकळी मैदानं होती. आमच्या घरासमोर गाडी विटांवर चढवून दादानं तिचं काम काढलं. जुना सायलेन्सर कापला तर आत काजळीचा नुसता गोळा. "हिचा गळाच दाबला होता कुणीतरी," दादा म्हणाला. नवा पाइप गाडीच्या पोटाखालून वळवायचा होता, पण पाइप वाकवताना मधे चपटा होतो. म्हणून आम्ही नदीची वाळू आणली, चुलीवर भाजून कोरडी केली, पाइपात ठासून भरली, दोन्ही तोंडं लाकडाच्या बुचांनी बंद केली आणि मग वेल्डिंगवाल्याच्या आगीवर तो तापवून हळूहळू वाकवला. वळणं कमीत कमी ठेवली. मी नट-बोल्ट रॉकेलमध्ये धूत बसायची. भाभी कुंपणावरून ओरडायची, "हाय राम, बी.एस्सी. पास लड़की और हाथ देखो इसके!"

"भाभी, डिग्री इसी के पास है, हम तो अनपढ़ हैं," दादा गाडीखालून उत्तर द्यायचा.

बाबा ओट्यावर बसून बघायचे. मधेच विचारायचे, "काय करून राहिला आहेस रे? कंपनीवाले येडे होते का?"

"कंपनीवाल्यांना घाट नव्हता, बाबा."

मग हवेचा प्रश्न आला. जुनं फिल्टर इंजिनाला चिकटून बसलेलं, तिथली तापलेली हवाच आत ओढायचं. दादानं मला विचारलं, "गरम हवा पातळ असते ना? तुझ्या पुस्तकात काय म्हणतात?" मी म्हटलं, हो, तापली की पसरते, तेवढ्याच जागेत कमी मावते. ते खरं होतं आणि आजही खरं आहे. तो इतका खूश झाला, जणू त्यालाच पदवी मिळाली. "म्हणजे माझं डोकं बरोबर चाललंय." बसचा मोठा डबा त्यानं बॉनेटखाली बसवला, आणि बाहेरची गार हवा आणायला त्या डब्याला रबरी होज जोडला. होज शेतातल्या पंपाचा होता, विहिरीतून पाणी ओढायचा, कुणा ओळखीच्या शेतकऱ्यानं दिलेला. तो वर वळवून बसवायला मधे लोखंडी कोपरा, म्हणजे काटकोनात वळलेला पाइपाचा तुकडा, लागत होता. तो नवाच घ्यावा लागला असता, म्हणून दादानं होज सरळ खाली सोडला, पुढच्या बंपरच्या मागे. "दिवाळीनंतर वर घेऊ," तो म्हणाला. "तोवर चालेल."

पहिल्या फेरीला मीही गेले. आई म्हणाली, "मुलीच्या जातीनं ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर?" बाबा म्हणाले, "तिनं बोल्ट धुतलेत, तिचा हक्क आहे." येताना मागे केळी भरलेली, दादा चालवतोय, मधे मी, खिडकीशी बाबा. घाट सुरू झाला तसे बाबांनी डोळे मिटले आणि ते नुसते ऐकत राहिले. गाडीचा आवाज आता जाड झाला होता, पोटातून आल्यासारखा. एका वळणावर त्यांनी एकदम डोळे उघडले.

"तिसरा?"

"तिसरा."

"तिसऱ्यात चढतेय?"

"बघा ना स्वतः."

बाबांनी गिअरच्या दांडीवर हात ठेवून पाहिला. लेकाच्या सांगण्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे. त्यांना ते हाताला जाणवायला हवं होतं. मग त्यांनी खिडकीतून मागे वाकून पाहिलं. धूर होता, पण राखाडी, विरळ. नव्या गाड्यांसारखी काही ती पळाली नाही. दोन नव्या पिकअपी आम्हांला ओलांडून गेल्याच. पण माल सकाळी मंडईत पोहोचला. शेठनं एक केळं सोलून खाल्लं आणि काही बोलला नाही. बाबा म्हणाले, शेठ बोलला नाही म्हणजे पसंत.

पुढे तो आवाज घरादाराच्या ओळखीचा झाला. मंडईत माल उतरवून गाडी आमच्या वळणावर आली की पार कोपऱ्यापासून ऐकू यायची. आई उठायची आणि गॅसवर अंघोळीच्या पाण्याचं पातेलं चढवायची. बंब नव्हता ना आता. दादा दारात येईपर्यंत पाणी कोमट झालेलं असायचं. नवरात्र आलं, उपासाच्या केळ्यांना जोर आला आणि आमची एकही फेरी चुकली नाही. अष्टमीला दादानं मित्राला पीथमपूरसाठी नाही म्हणून कळवलं. आईनं शिरा केला. भाभीला वाटी देताना सांगितलं, "लड़का कहीं नहीं जा रहा."

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा असते आणि पूजेआधी तिला नदीचं पाणी लागतंच. पागेच्या दिवसांत घोडे नदीवर न्यायचे, ती रीत बाबांनी गाडीला लावली होती. गावाबाहेर नदीवर एक रपटा आहे, अगदी बुटका पूल, त्याच्यावरून पाणी वाहतं. दसऱ्याच्या सकाळी तिथं ट्रॅक्टर, मेटाडोर, टेंपो यांची रांग लागते. दादा पहाटेच घाट चढून आला होता आणि गाढ झोपला होता. मी त्याला हाक मारणार, तर बाबा म्हणाले, "झोपू दे. दमलाय. आपण दोघं धुऊन आणू, उठेल तो गाडी सजलेलीच बघेल."

मी हार, नारळ, कुंकू घेऊन बसले. रपट्यावर मला काठाला उतरवून बाबांनी गाडी पाण्यात घातली, अर्धी चाकं बुडतील इतकी. दरवर्षी ते तिथंच थांबवायचे. पाण्यात इंजिन बंद करायचं नाही, हा त्यांचा नेम. बंद केलं की मागून सायलेन्सरमध्ये पाणी शिरतं. आणि हा तर लेकानं बसवलेला सायलेन्सर. ते इंजिन चालूच ठेवून, पँट वर खोचून खाली उतरले, बादलीनं पाणी मारलं, काच पुसली. मग पुन्हा आत बसले, गाडी पलीकडच्या काठाला घ्यायला.

तेवढ्यात रस्त्यावरून सायकल आली. दादा बनियनवरच होता. तो लांबूनच हात हलवत ओरडत होता. बाबांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनीही हात हलवला. त्यांना वाटलं, पोरगा पूजेला धावत आला. आणि त्याला ऐकू जावं म्हणून त्यांनी ॲक्सिलेटर दाबला. काय तो आवाज! रपट्यावरची सगळी ड्रायव्हर मंडळी वळून बघायला लागली. दादा ओरडत होता, "बाबा, बंद करा! बंद करा!" मीही ओरडले. पण त्या सायलेन्सरपुढं कुणाचा आवाज टिकणार होता? गाडी पुढे निघाली, बंपरपुढे पाण्याची लाट उठली. खड् खड् असं काहीतरी आतून वाजलं आणि सगळं शांत झालं. पाण्याचाच आवाज राहिला.

दादानं सायकल टाकली आणि तो पाण्यात शिरला. बॉनेट उघडलं, फिल्टरचा डबा उघडला. आतला कागद लगदा झाला होता आणि त्यातून क्षिप्रेचं पाणी गळत होतं. 

बाबांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय झालं रे?"

"होजनं पाणी ओढलं."

"सायलेन्सरमध्ये नाही ना गेलं? मी बंद नाही केली."

दादा मागे गेला, वाकला, पाइपाच्या तोंडाला हात लावून आला. त्यानं तेव्हा जे केलं ते मी कुठल्या कॉलेजात शिकले नसते. तो म्हणाला, "नाही बाबा. सायलेन्सर कोरडा आहे."

"मग ठीक," बाबा म्हणाले.

एका ट्रॅक्टरनं ओढून गाडी घरी आणली. हार घातला, नारळ फोडला. संध्याकाळी बाबांनी आपट्याचं पान दादाच्या हातात ठेवलं, "सोनं घे." दादा पाया पडला. इंजिनाचा रॉड वाकला आहे, ब्लॉकही गेला आहे, हे मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हणजे इंजिनच दुसरं हवं. एवढं आमच्या घरात विकायला काही उरलं नव्हतं आणि फायनान्सवाल्याला बाबा घरात घेईनात. शेठ वाईट माणूस नव्हता. पण केळी थांबत नाहीत. त्यानं दुसरी गाडी लावली.

तो आठवडाभर दोघांपैकी कुणी कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. भांडले असते, आरडाओरडा झाला असता, आईनं दोघांना झापलं असतं. पण बाबा म्हणायचे, "पाण्यात मी घातली," दादा म्हणायचा, "होज खाली मी सोडला," आणि मग दोघं दोन दिशांना बघत बसायचे.

मित्रानं पुन्हा बोलणं केलं आणि दिवाळीनंतर दादा पीथमपूरला गेला. बसस्टँडवर सोडायला मी आणि आई गेलो. बाबा घरीच राहिले. परत आलो तर ते गाडीपुढे उकिडवे बसून होज काढत होते.  थोड्या वेळानं त्यांनी तो परत लावला.

गाडी आम्ही जशीच्या तशी विकली. दादा सुट्टीला यायचा, मिठाई आणायचा, कारखान्याच्या कँटीनच्या गमती सांगायचा. बाबा हसायचे आणि मग विचारायचे, "परतीची बस कितीची आहे?" पाहुण्याला विचारतात तसं. तो सांगायचा. पण कायमचा राहायला तो त्या घरात परत कधी आला नाही.

ज्यानं गाडी घेतली त्यानं तिच्यात दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन बसवलं. एकदा टावर चौकात ती उभी दिसली म्हणून मी वाकून बघितलं. पाइप तोच, सायलेन्सर तोच, डबा तोच. होजचं तोंड मात्र त्यानं कोपरा लावून वर बॉनेटजवळ घेतलं होतं. बाकी काही बदललं नव्हतं. मागे केळी होती. शेठनं काम त्यालाच दिलं होतं.

त्यानंतर एका सकाळी मी कॉलनीतल्या शाळेत शिकवायला निघायच्या तयारीत होते. बाबा ओट्यावर होते. वळणावरून तो आवाज आला, जाड, पोटातून आल्यासारखा. आई कणीक मळत होती. ती उठली, हात धुतले, पातेलं भरलं आणि गॅसवर चढवलं. आवाज जवळ आला, दारासमोरून गेला आणि पुढे बायपासकडे वळून लहान लहान होत संपला. आई लायटर हातात घेऊन उभीच होती.  

पाणी तापलं. मग बाबा उठले. त्यांची अंघोळ त्याआधीच झाली होती. तरी त्यांनी खुंटीवरचा पंचा घेतला, पातेलं उचललं आणि न्हाणीत गेले.