चिखल्याचं शेवटचं घरटं

सिंगापूरच्या खाजणात सोनेरी चिखल्या मोजणं हे माझं काम. हे पक्षी अंडी घालायला पार उत्तर ध्रुवाकडे जातात, म्हणून एका उन्हाळ्यात मलाही तिकडच्या कॅम्पवर पाठवलं. सिंगापुरातल्या आमच्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये नवरा आणि पाच वर्षांची मुलगी राहिली.

कॅम्प म्हणजे तीन तंबू, एक लाकडी खोली, अस्वलं आत येऊ नयेत म्हणून विजेचं कुंपण आणि आम्ही तिघी. रोज गमबूट चढवून ओल्या शेवाळातून मैलोन्‌मैल चालायचं आणि घरटी तपासायची. भात, डबाबंद मासे आणि कधीच न वाळणारे मोजे. तिसऱ्या आठवड्यात तर सकाळी उठून बसणंसुद्धा नको वाटायचं.

माझ्या वाट्याची बहुतेक घरटी कोल्ह्यानं खाल्ली होती. एकच उरलं होतं. त्या दिवशी त्यातल्या दोन अंड्यांना तडे गेलेले दिसले, आतून बारीक चिवचिव येत होती. मी लांब जाऊन बसले आणि कोल्हा आलाच. आमचा नियम होता, मध्ये पडायचं नाही. मी ओरडत धावले, वही फेकून मारली. तो पळाला.

कॅम्पच्या प्रमुख साठीच्या होत्या, कित्येक उन्हाळे तिथं काढलेल्या. त्यांना सगळं सांगितलं.

"खरं ते लिहून ठेव," त्या म्हणाल्या. "हे घरटं आता मोजणीतून बाद."

"तीन आठवडे चाललेय मी त्याच्यासाठी!"

"माहितेय. पहिल्या वर्षी मीही दगड मारला होता."

दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं. चिखल्याची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालू लागतात; ती आपल्या पायांनी निघून गेली की कोल्हा परत आला, कळायला मार्ग नव्हता. मी तिथंच ओल्यात बसले. रडायचंही त्राण नव्हतं.

रविवारी सॅटेलाइट फोनवर मुलीनं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आई, बेबी बर्ड्स केम आउट ऑर नॉट?"

"माहीत नाही गं."

"देन गो अँड सी लाह!"

नवऱ्यानं फोन घेतला. "अजून किती दिवस?"

"सोळा."

तिकडे तोही एकट्यानं सगळं ओढत होता.

धुक्यामुळे विमान आलं नाही आणि सोळाचे बावीस झाले. घरी पोचल्यावर दोन दिवस मी झोपूनच होते. पुढच्या वर्षी पुन्हा विचारणा झाली, तेव्हा उत्तरात मुलीच्या शाळेचं कारण लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण खरं म्हणजे अंगातला तो शीण अजून उतरला नव्हता, आणि तसं लिहायची मला लाज वाटली.