रेशनकार्डात नसलेले बाबा

आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या घराचं रेशनकार्ड आईच्या नावावर होतं आणि त्यात बाबांचं नाव नव्हतं. ज्याला पलटणीत रेशन मिळतं त्याचं नाव घरच्या कार्डात कशाला, असा आमच्याकडचा हिशेब. बाबा पेन्शनवर घरी आले तरी हेका सोडेनात. आईने नाव चढवायचा विषय काढला की म्हणायचे, सरकारचं एकदा खाल्लं, आता पुन्हा कायले? त्यांच्या या ताठ्याचा मला भारी राग यायचा.

त्या सकाळी बाबा धानाच्या बांधीवरून परतले आणि छाती धरून ओसरीवरच बसले. रेशनकार्डावरची सरकारी विमा योजना तेव्हा नवीनच होती आणि गोंदियाच्या एका दवाखान्यात चालायची. आईने तेच कार्ड घेतलं आणि शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही निघालो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. हृदयाची नस बंद आहे, आजच उघडावी लागेल म्हणाले. खिडकीवरच्या माणसाने कार्ड उलटून पाहिलं.

"इसमें तो इनका नाम ही नहीं है."

मी माजी सैनिकांच्या योजनेचं सांगितलं. ती इथे चालत नाही, नागपूरला न्या, फौजी कार्ड मात्र सोबत ठेवा, असं तो म्हणाला. ते कार्ड घरी, बाबांच्या पेटीत कुलूपबंद. दोन-दोन योजना असून माणूस हातचा जातो की काय, असं मला वाटलं.

नशीब, ॲम्ब्युलन्सची वाट गोरेगाववरूनच होती. पेटीची किल्ली बाबांच्या करदोड्याला. मला गाठ सुटेना. शेवटी आईने दाताने दोरा तोडला. दारात गाडी थांबली, मी धावत आत गेले. घडी केलेल्या वर्दीखाली कार्ड सापडलं. परत आले तेव्हा बाबांचे डोळे मिटलेले. आई त्यांना हलवत होती.

"झोपू नोका. नागपूर यायचं हाय अजून."

हायवेवर सडक अर्जुनी गावाजवळ ट्रकांची रांग लागली, तर मी ड्रायव्हरवरच उखडले. तो बिचारा काय करणार!

नागपूरला कार्ड दाखवताच बाबांना आत घेतलं. फौजी योजनेला एरवी लागणारी शिफारशीची चिठ्ठी तातडीच्या वेळी आधी लागत नाही, दवाखानाच त्यांना मागाहून कळवतो, हे मला तिथे समजलं. नस उघडली. बाबा वाचले.

घरी आल्यावर आईने त्यांना विचारलंसुद्धा नाही. तहसीलला खेटे घालून नाव चढवून आणलं. गोंदियात भागलं तर रेशनकार्ड, नागपूर गाठावं लागलं तर फौजी, म्हणून दोन्ही कार्डं तिने एकाच पिशवीत ठेवली. बाबांनी चष्मा लावून रेशनकार्ड पाहिलं. आधी आई, मग मी आणि सगळ्यात खाली ते. नात्याच्या रकान्यात पती.

"इतके वर्सं या घरात पाहुनाच होतो म्हना मी," ते म्हणाले.

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पाहुन्याच्या कमरेचा दोरा कोनी दातानं तोडते का?" एवढं म्हणाली, आणि बाबा छाती धरून बसले त्या दिवसापासून पहिल्यांदा रडली.