खांद्यातली सुई आणि चाचांची भाकर

माझंच रक्त माझ्याच खांद्यात परत टोचणार, तर ते शुद्ध असावं म्हणून मी आदल्या दिवसापासून निर्जळी उपास धरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पोटभर जेवून या, पाणी भरपूर प्या. बायकोनंही तेच पुन्हापुन्हा ऐकवलं. पण वर्षानुवर्षं भजनं म्हणणाऱ्या माणसाला वैद्यकशास्त्रात दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार आपोआप मिळतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

खांदा दुखत होता डावा. खंजिरी डाव्या हातात, खांद्याच्या उंचीवर धरतात. कौतुक उजव्या हाताच्या बोटांचं होतं आणि झीज डाव्याची. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी आतून विरलीय, असं निदान झालं. एरवी मी खंजिरी खुंटीला टांगली असती. पण बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली अकोटचे माझे भाऊजी गेले. कसे गेले, ते त्या वर्षांत आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नसे. मला खंजिरी त्यांनीच शिकवली होती. तेव्हापासून ताईनं बोलणं जवळजवळ सोडलं होतं. ताट पुढे आलं तर जेवायची, नाही आलं तर नाही. वर्षश्राद्धाची तयारी निघाली तेव्हा मात्र एवढंच म्हणाली, "त्याईची भजनं त्याईच्याच खंजिरीवर झाली पाह्यजे. तूच वाजव." आणि माझा हात तर सदऱ्याच्या बाहीत जाईना. तिनं काही मागितलं होतं ते एवढंच. हात वर नेणारच, असं मी ठरवून टाकलं.

आमच्या शहरात राजापेठेतल्या एका दवाखान्यात हे इंजेक्शन देणारे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदाच येत. दंडातून रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, त्यातला पिवळसर भाग वेगळा करून दुखऱ्या जागी टोचायचा, असा प्रकार. माझ्या पाळीला सिस्टरनं शीर शोधली. शीर काही सापडेना. या हातात नाही, त्या हातात नाही. मी मनात नामस्मरण चालू ठेवलं आणि भक्तिभावानं खुर्चीवरून खाली घसरलो.

शुद्ध आली तेव्हा बाहेरच्या बाकावर आडवा होतो. डॉक्टर दारात उभे राहून सांगत होते, आता पुढच्या महिन्यात या, आजच्या सगळ्या वेळा भरल्यात. पुढच्या महिन्यात म्हणजे वर्षश्राद्ध तोंडावर, आणि टोचल्यावर हाताला किती आठवडे विश्रांती लागते ते मला माहीत होतं. मला रडू कोसळलं. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. गाद्या भरायचा त्यांचा धंदा, अकोल्याहून गुडघ्यासाठी आलेले. त्यांनी विचारलं, "काहून रडून राहिले, भाऊ?" मी ताईचं, भाऊजींचं, उपासाचं, सगळं सांगून टाकलं. उपासाचं ऐकून ते इतके हसले, की सिस्टर बघायला आली.

"आमी रोजा ठेवतो, तरी संध्याकाळी खातो ना! तुमी तं उपास सोडाचं नावच नाई घेत."

त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची भाजी. मी म्हणालो, माझा नेम आहे. ते म्हणाले, "नेम राहू द्या, पयले पानी प्या. अन् माहा नंबर पाच वाजताचा हाय, तो तुमी घ्या."

"आणि तुमचा गुडघा?"

"तो पुढच्या महिन्यातई दुखनच. तुमच्या बहिणीचा दिवस मांगं सरकन काय?"

मी जेवलो. पाणी किती प्यालो ते विचारू नका. पाच वाजता शीर पहिल्या टोचणीत सापडली. मी शुद्ध करायला निघालो होतो त्या रक्तात तेव्हा चाचांची भाकर होती. बाहेर आलो तर बाक रिकामा. नावसुद्धा विचारायचं राहिलं. पुढच्या महिन्यात बायकोनं दिलेला डबा घेऊन मी मुद्दाम दवाखान्यात गेलो. ते सकाळीच सुई टोचून घेऊन अकोल्याला परतले होते.

यात चमत्कार पाहू नका, मीही पाहत नाही. पहिले काही दिवस खांदा आधीपेक्षा जास्त ठणकला आणि दुखण्याची गोळी घ्यायची मनाई होती. नंतर भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम सुरू झाला. पाल बरी, तिला निदान धाप लागत नाही. एकदा मोझरीच्या आश्रमात जाऊन सायंप्रार्थनेत बसलो, हात मांडीवर ठेवून. तिथं प्रथमच मी वाजवायला नव्हतो, नुसता ऐकत होतो. आजवर देवाला काहीतरी द्यायला निघालो होतो, उपास, भजन, नेम. घ्यायची वेळ आली तेव्हा आडवा पडल्याशिवाय घेता आलं नाही. बोटं मात्र रोज थोडी वर सरकत गेली. सुईनं, विश्रांतीनं की कोणाच्या दुव्यानं, मला सांगता येणार नाही. तिघांनाही मी रोज हात जोडतो, आणि आता दोन्ही हात सारखे जुळतात.

अकोटला वर्षश्राद्धाच्या दिवशी मी भाऊजींची खंजिरी उचलली. खांद्यात कळ आली, पण हात खाली आला नाही. एकामागून एक त्यांची सगळी भजनं मी म्हटली. ताई खांबाला टेकून, डोळे मिटून बसली होती. शेवटचं भजन संपल्यावर तिनं डोळे उघडले. सगळं घर तिच्याकडे पाहत होतं.

"हात चांगला चालला तुहा," ती म्हणाली. "आता थेच सुई गळ्यातई टोचून घे. लय भेसूर गातं तू."