सात बुचं पाणी

खुर्शिदा सिस्टरच्या शोकसभेत मला म्हणाले, "चंद्राबाई, तुमीबी दोन शब्द बोला." मी उठलेच न्हाई. माझ्या आधी एक साहेब बोलून गेले, ज्यांनी सिस्टरला उभ्या जन्मात दोनदा बघितलं असंल. म्हणे सेवाभावी, म्हणे मृदुभाषी. मृदुभाषी! अहो, त्या बाईंचा आवाज गेटाबाहेरच्या रिक्षावाल्याला ऐकू जायचा. दर सोमवारी आमा आयांची नखं तपासायच्या, शाळेतल्या पोरींची तपासावी तशी. माझं एक नख जरा वाढलेलं दिसलं तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चंद्राबाई, ह्याच्यात काय नाचणी पेरायची का?" मला असा राग आला होता! दोन दिवस बोलले न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यांनीच डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली, अन् झालं.

मी त्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं आया होते. दवाखान्याचं नाव काय सांगत न्हाई, उगा कुणाला बोल नगं. बारा खाटांचा दवाखाना. माझं सासर हिर्डोशी, पार घाटाकडं. नवरा लवकर गेला, पदरात एक लेक, नलू. तिला घेऊन भोरला आले अन् फरशी पुसायला लागले. सिस्टरची वळख त्याच्याबी आधीची. नव्या नोकरीत होत्या तवा लसीची पेटी खांद्याला लावून हिर्डोशीला चालत यायच्या, यष्टीचा भरवसा नसायचा. भोरच्याच त्या. त्यांचे मालक इस्माईलभाई यष्टीत डायवर होते, पण बायकोला वेळेवर गाडी कधी मिळाली न्हाई, असं त्या हसून सांगायच्या.

काम शिकवलं त्यांनीच. चादर कशी खेचायची, पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासानं कशी बदलायची. अन् एक गोष्ट अशी शिकवली की मला तवा हसू यायचं. सारोळ्याचे गेनूबाबा होते, हमरस्त्यावर गाडीनं उडवलेले, आठ दिवस शुद्ध न्हाई. सिस्टर त्यांच्या कानाशी वाकून म्हणायच्या, "गेनूबाबा, आता डाव्या कुशीवर घेते हं. पाठीला गार लागेल."

म्या म्हटलं, "सिस्टर, भिंतीशी काय बोलताय?"

तर अशा उसळल्या! "भिंत म्हणायचं नाही! माणूस जाताना कान सगळ्यात शेवटी जातात. आमच्या शिक्षणात सांगितलंय, त्याचा अभ्यास झालाय. तुम्हीपण सांगूनच हात लावायचा."

तवापासून मीबी सांगूनच हात लावायला लागले.

आता नलूचं सांगते. सांगायचं तेच आहे.

नलूला वेल्ह्याकडं दिली होती. पहिलं बाळंतपण म्हणून माझ्याकडं आली. वैशाख होता. सकाळी आठला कळा सुरू झाल्या तशी दवाखान्यात आणली. मी तिथलीच, सिस्टर माझ्याच, मला घोर न्हाई. पत्रा असा तापला होता की खोलीत उभं राहवंना. नवाच्या सुमाराला पोर म्हणाली, "आई, पाणी."

म्या सिस्टरकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "नाही. घोटभरही नाही. ऑपरेशनची वेळ आली तर भूल द्यावी लागते. पोटातलं पाणी उलटून छातीत गेलं तर माणूस हातचं जातं. ओठांना ओला बोळा लावा फक्त."

तवा सगळीकडं तोच नेम होता. मीच किती जणींच्या हातातून तांब्या काढून घेतला असंल. कितीकींच्या सासवांशी भांडले असंल. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते काय खोटं न्हाई. त्या दिवशी माझी पोर ओल्या बोळ्यातलं पाणी चोखायला लागली, तर म्याच बोळा मागं घेतला. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. "आई, पाणी. आई, एक घोट." दुसरं काय मागत नव्हती.

अडीच-तीनला अंगावरनं रक्त जायला लागलं. सिस्टरचा चेहराच पालटला. पुण्याला न्यायला गाडी पायजे म्हणून फोन लावायला बाहेर पळाल्या. खोलीत आमी दोघी. खिडकीत माझी पाण्याची बाटली होती. मला काय झालं, देवाला ठावं. म्या बूच काढलं, बुचात पाणी ओतलं अन् पोरीच्या तोंडात सोडलं. एक. मग दुसरं. डोळे मिटून पीत होती, चिमणी पिती तशी. सातव्या बुचाला म्हणाली, "बास आई. सिस्टर येत्याल. तुला बोलत्याल."

लेक मरणाच्या दारात, अन् काळजी माझ्या नोकरीची करती! आजबी हे आठवलं की मला भिंतीवर डोकं आपटावं वाटतं.

गाडीत कात्रजच्या अलीकडं तिला उलटी झाली. पुण्यात पोचलो तवा ती बी न्हाई अन् पोटातलं बाळ बी न्हाई. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, वार आधीच सुटली होती, आतल्या आत रक्त गेलं. म्या ऐकलं. पण उलटी म्या डोळ्यानं बघितली होती. उलटीत पाणी होतं, अन् ते पाणी म्या पाजलेलं होतं. डॉक्टर काय बी म्हणू देत, माझ्या मनानं ठरवलं ते ठरवलं. नेम मोडला अन् पोर गेली.

चौदा वर्षं हे कुणाला सांगितलं न्हाई. सिस्टरला तर न्हाईच न्हाई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्या आपल्या दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायच्या. नलू गेली त्या तारखेला तर रजा टाकून येऊन बसायच्या. नलूचं नाव काढायच्या न्हाईत, गप माझी भांडी घासून द्यायच्या. अन् मी मनात म्हणायची, बाई, तुमाला जर कळलं ना, की तुमची पाठ फिरल्यावर म्या काय केलं, तर तुमी हा उंबरा चढणार न्हाई.

मी निवृत्त झाले. दोन वर्षांमागं, सिस्टरची नोकरी सरायला काही महिने उरले होते तवा, पुण्याहून श्रावणी मॅडम आल्या. नर्सिंगच्या कॉलेजात शिकवतात, बारकुशी बाई, चष्म्यावाली. आमच्या भागातल्या दवाखान्यांत त्यांचं संशोधन चाललं होतं. कुठल्या जुन्या रीती नव्या अभ्यासात चुकीच्या ठरल्या, अन् तरी दवाखान्यांत चालूच आहेत, ते बघायचं. मग त्यांनी सगळ्या सिस्टर लोकांचं एक दिवसाचं शिबिर घेतलं. मी काय तिथं नव्हते, मागनं कानावर आलं ते सांगते. तिथं सांगितलं की कळा देणाऱ्या बाईला, तब्येत ठीक असंल तर, घोट घोट पाणी द्यायला काय हरकत न्हाई. तहानलेलं ठेवून कुणाचा फायदा झाला असं अभ्यासात दिसत न्हाई.

खुर्शिदा सिस्टर उभ्या राहिल्या. "हे कधीपासून माहीत आहे?"

मॅडम म्हणाल्या, "बरीच वर्षं झाली. कागदावरचं खाटेपर्यंत यायला कधी कधी दहा-पंधरा वर्षं लागतात, सिस्टर. माझं संशोधन त्याच्यावरच आहे."

घ्या! बैल गेला अन् झोपा केला.

सिस्टर शिबिरातनं उठल्या त्या सरळ माझ्या खोलीवर आल्या. चप्पल काढायचं भान न्हाई. पाणी देऊ लागले तर हातच मागं घेतला. हातात शिबिरात वाटलेला कागद, घड्या घालून घालून मऊ झालेला. म्हणाल्या, "चंद्राबाई, नलूला पाणी द्यायला हवं होतं. रक्त दुपारी सुरू झालं. त्याच्या आधी सहा तास देता आलं असतं. एवढ्याशा पाण्यानं काही झालं नसतं. तुमची पोर माझ्यामुळं तहानलेली गेली."

अन् रडायला लागल्या. तो गेटापर्यंत जाणारा आवाज, अन् आता तोंडातनं फुटत नव्हता.

माझ्या मनात काय झालं ते खरं खरं सांगते. आधी वाटलं, पाण्यानं काही झालं नसतं! म्हंजे माझ्या सात बुचांनी पोर गेली न्हाई. चौदा वर्षांचा धोंडा छातीवरनं उतरला. अन् उतरला त्याच घटकेला असा संताप आला की डोळ्यापुढं अंधारी. चौदा वर्षं! चौदा वर्षं मी जळले, रोज रात्री त्या बुचाचं भूत मानगुटीवर, अन् आता कागद घेऊन येताय व्हय?

एकच वाक्य बोलायचं होतं. "सिस्टर, ती तहानलेली गेली न्हाई, म्या पाजलं होतं तिला." एवढं बोलले असते तर त्यांचाबी धोंडा उतरला असता. जिभेवर आलं होतं.

पण म्या म्हटलं, "व्हय. तशीच गेली."

का म्हटलं? मला वाटलं, मी जळले, आता थोडं तुमीबी जळा. दुसरं काय कारण न्हाई. सिस्टरनी मान हलवली, कागद पिशवीत घातला अन् गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाळंतपणाच्या खोलीत स्टीलचा जग आला, सहा पेले आले. पगारातनं आणले. भिंतीवर लिहून लावलं, 'पाणी हवं का, विचारा.' जुन्या डॉक्टरांशी ह्याच्यावरनं भांडल्या, मॅडमचा कागद टेबलावर आपटून भांडल्या. रोजे होते तवा स्वतःचे ओठ सुकलेले, अन् एकेकीच्या तोंडाशी पेला धरून उभ्या. लोक म्हणायचे, बाईला पुण्याचा नाद लागलाय. मला आतनं तुटायचं. ते पाणी माझ्या नलूला चाललं होतं, अन् नलू तर पिऊन गेली होती.

सांगायला गेले न्हाई असं न्हाई. त्या निवृत्त झाल्यावर तीनदा गेले त्यांच्या घरी. एकदा पाव्हणे होते. एकदा त्यांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्यांदा दोघीच होतो, सगळा दुपारभर वेळ होता, अन् मी नाचणीच्या पापडांचं बोलून परत आले. खोटं एकदा बोललं ना, की खरं बोलायला दुप्पट छाती लागती. म्हटलं, पुढच्या वेळी.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस इस्माईलभाई दारात उभे. सिस्टरच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता. नऊ दिवस पुण्यात ठेवून डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. म्हणाले, "चंद्राबाई, तिला कसं हलवायचं आम्हाला कळत नाही. धडधाकट असताना म्हणायची, मी पडले तर चंद्राबाईंना बोलवा, त्यांचा हात शिकलेला आहे."

माझा हात शिकलेला! कुणी शिकवला तो?

गेले. पाच दिवस राहिले. दर दोन तासानं कूस बदलली, पाठीवर एक व्रण उठू दिला न्हाई. नखं कापूनच गेले होते. कानाशी वाकून सांगायची, "सिस्टर, आता उजव्या कुशीवर घेते हं. मी चंद्रा." त्या काय, श्वास तेवढा चालू.

चौथ्या दिवशी दुपारी इस्माईलभाई नमाजाला गेले. घरात दुसरं कुणी न्हाई. म्या सिस्टरचा चेहरा पुसला, तोंड पुसलं, ओठांना ओला बोळा लावला. अन् बोळा हातात धरूनच बोलायला लागले. सगळं सांगितलं. खिडकीतली बाटली सांगितली, बुचं सांगितली, "बास आई" म्हणाली ते सांगितलं. म्हटलं, "सिस्टर, ती तहानलेली गेली न्हाई हो. म्या खोटं बोलले. तुमाला जळवायला खोटं बोलले. सात बुचं पिऊन गेली माझी पोर. तुमी आता सोडा ते."

डाव्या डोळ्यातनं पाणी आलं. पण पापणी अर्धी उघडी राहिली की डोळा आपोआप गळतो, हेबी त्यांनीच शिकवलेलं. म्हणून मी त्याला काय धरलं न्हाई. डोळा पुसला अन् थेंब घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. जाताना इस्माईलभाईंनी मक्केहून आलेलं झमझमचं पाणी चमच्यानं ओठांना लावलं, मग चमचा माझ्याकडं दिला. म्हणाले, "तुम्हीपण द्या." म्याबी लावलं.

तर त्या शोकसभेला श्रावणी मॅडम पुण्याहून आल्या होत्या. सगळे चहाला उठले तवा त्यांना कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, "मॅडम, एक विचारते. माणूस जाताना कान सगळ्यात शेवटी जातात, हे खरं का?"

त्या म्हणाल्या, "हो मावशी, तसे अभ्यास झालेत. बेशुद्ध माणसालाही शेवटपर्यंत ऐकू येत असावं, असं दिसतं."

"येत असावं?" म्या विचारलं. "का येतंच?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. शिकलेली बाई, खोटं बोलवंना. म्हणाल्या, "आत्तापर्यंतच्या अभ्यासावरनं तरी तसं वाटतं. पुढं आणखी काही कळेल."

म्या त्यांचा हात धरला. म्हटलं, "कळू द्या. कागदावर लिवा, शिबिरं घ्या, सगळ्यांना सांगा. पण बाई, हे जर बदललं, तर माझ्याकडं सांगायला येऊ नगा."

त्यांना काय समजलं न्हाई. मीबी काय सांगत बसले न्हाई.