विचारून ठेवणारी आत्या

गयाआत्या ज्या घरी दोनदा चहाला गेली, त्या घरी तिसऱ्यांदा ती रडायलाच जाते, असं आमच्या केदारखेड्यात बोललं जायचं. पाठीमागे सगळे तिला 'यमाची सोयरीण' म्हणत. तोंडावर मात्र "या आत्या, बसा," कारण गल्लीतली बाई गेली की शेवटची अंघोळ घालायला तीच लागायची. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून उंबऱ्याबाहेर थांबत.

या कामातून तिला एक खोड जडली. ती जिवंत माणसांना विचारू लागली. कुणाच्या हातचं पाणी पाह्यजे? नथ कोणत्या नातीला? कुणाशी बोलायचं राह्यलं का? कुणी चिडलं तर म्हणायची, "बाळंतपणाची तयारी चार महिने आधी करता. ह्ये काय चुकणार हाय का? अंघोळ घालताना मी इचारते, बाई, तुझं काय राह्यलं? ती सांगत न्हाई. म्हून आधीच इचारून ठेवते." शेजारच्या रामभाऊंनी तिला सांगून ठेवलं होतं, "माझ्या तेराव्याला बुंदी नगं, शिरा करा." लेकांनी खरंच शिरा केला, आणि पंगतीत लोक डोळे पुसत हसले. पुढे आत्या स्वतः वारली तेव्हा गल्लीत कुणालाच काही विचारावं लागलं नाही, तिने आपलं सगळं आधीच सांगून ठेवलं होतं.

मला मात्र ती पटत नव्हती. मी जालन्याला वकिलाकडे कारकून आहे. कोऱ्या कागदावरचे अंगठे आणि मेलेल्यांच्या सह्या बघण्यात माझी वीस वर्षं गेली. फुकट सेवा करणारं माणूस दिसलं की मी आधी त्याचे हात बघतो.

आईला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं की तिला कावीळ सांगायची. वडील आधीच गेले होते. मी रोज जालन्याहून गावी येऊ लागलो, तर आत्या आईच्या उशाशी. मी आत शिरलो की दोघी गप्प. एकदा तर आईची पेटी उघडी आणि आत्या आत डोकावतेय. त्याच आठवड्यात कळलं, आत्या एसटीने तीर्थपुरीला जाऊन आली.

तीर्थपुरीला माझा मामा. आईच्या वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर त्याने आईची सही मागितली होती आणि वडिलांच्या सांगण्यावरून आईने ती दिली नव्हती. तेव्हापासून बारा वर्षं बहीण-भावाचं बोलणं बंद. माझ्या डोक्यात चित्र पुरं झालं. मामाने आत्याला फितवलंय, आई शुद्धीत आहे तोवर सही नाहीतर अंगठा घेणार.

मी आत्याला अंगणातच गाठलं. "तीर्थपुरीला काय काम होतं?"

"तुझ्या आईचं."

"कागदाचं?"

ती म्हणाली, "बापू, कचेरीत राहू राहू तुझी नजर खराब झाली. कावीळ म्हून सांगून राह्यले तुम्ही तिला. तिला समदं माहीत हाय. 'पोरायला कळू देऊ नका, घाबरतेल,' असं मला म्हणली." यावरही माझा विश्वास बसला नाही.

रविवारी मामा आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. मी दारात आडवा झालो. "आधी ते दाखवा."

मामाने पुडकं माझ्या हातात दिलं. आत साडी होती, जांभळ्या काठांची, कोरी. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर घालायला माहेरची साडी येते. माझं डोकंच फिरलं. "माझी आई जिती आहे अजून."

"म्हून तर आणायला लावली," आतून आत्या म्हणाली. "मेल्यावर माहेरची साडी येती. तिचे काठ कसे हायेत, ह्ये त्या बाईनं कवा पाहावं? वैनीनंच मागितली. पेटीत धुंडली, माहेरची एकबी न्हवती."

"दादा," आई म्हणाली, "आत ये."

त्या दुपारी दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू, कान दाराकडेच होते. पण 'कागद' हा शब्द एकदाही आला नाही. आत्याने आईला ती साडी नेसवली. संध्याकाळी आईने मला जवळ बसवलं. "मला कावीळ न्हाई, बापू," म्हणाली, आणि मी लहान मुलासारखा रडलो. मग आम्ही बोललो, पुष्कळ. तिला काय हवं, काय नको, सगळं.

त्यानंतर आई सव्वा महिना राहिली. मामा दर रविवारी यायचा. त्याच्या पिशवीत मी हळूच डोकावायचो. केळी नाहीतर मोसंबी असायची.

आई गेली त्या दिवशी मामा मोकळ्या हातांनी आला. भावकीतल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. आमच्या थोरल्या काकू मोठ्यानेच म्हणाल्या, "भाऊ आला आन् साडी न्हाई? कशाला आला मंग?" मामाने मान खाली घातली. आत्या अंघोळीच्या तयारीत होती. तिने काकूंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी आत गेलो आणि जांभळ्या काठांची साडी घेऊन आलो. काकूंनी साडीचा पदर चाचपला. "ही तर नेसलेली दिसती."

"हो," मी म्हणालो. "माहेरचीच आहे. दर रविवारी ती हीच नेसायची."

आत्याने साडी घेतली आणि दार लोटलं. बाहेर मामा भिंतीला टेकून एकटाच बसला होता. त्याने जरा सरकून जागा केली. मी त्याच्याजवळ बसलो.